तिखटाची सवय : मिरची आणि मराठी जिभेचा इतिहास

प्रस्तावना :

महाराष्ट्राच्या आहाराची चर्चा निघाली की तिखटाचा उल्लेख आल्यावाचून राहत नाही. कोल्हापूरचा तांबडा रस्सा, वऱ्हाडातील ठेचा, नागपूरचे सावजी जेवण, खानदेशातील काळ्या मसाल्याच्या आमट्या यांविषयी आपण अशा अभिमानाने बोलतो, जणू हे तिखट या मातीत अनादी काळापासून रुजलेले आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. मिरची ही मूळची अमेरिका खंडातील वनस्पती असून सोळाव्या शतकापूर्वी भारतात ती कोणालाही ठाऊक नव्हती. ज्या पदार्थाचा पहिला स्पर्श जिभेला वेदनाच देतो, तो एका संपूर्ण समाजाने अवघ्या काही पिढ्यांत आपलासा कसा केला, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

मिरचीपूर्वीचे तिखट :

मिरची नव्हती तेव्हा तिखट नव्हते, असे मात्र नाही. आयुर्वेदाने मानलेल्या सहा रसांत 'कटु' हा रस आहे आणि सुंठ, मिरी व पिंपळी यांच्या 'त्रिकटू'ला औषधांत मोठे स्थान आहे. कल्याणीच्या चालुक्य वंशातील राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात 'अन्नभोग' नावाचे प्रकरण आहे. राजाच्या मुदपाकखान्याचे इतके तपशीलवार वर्णन त्या काळातील दुसऱ्या ग्रंथात क्वचितच सापडेल. त्यातील मांसाचे व डाळींचे पदार्थ मिरी, आले, हिंग यांनी तिखट व सुगंधी केलेले आहेत. हे सारे मिरचीवाचून !

येथे एका भाषिक गमतीचा उल्लेख करणे अस्थानी होणार नाही. संस्कृतात 'कटु' म्हणजे तिखट आणि 'तिक्त' म्हणजे कडू. मराठीत 'कटु'पासून आलेला 'कडू' हा शब्द कारल्याच्या चवीसाठी रूढ झाला, तर 'तीक्ष्ण'शी नाते सांगणारा 'तिखट' हा शब्द झोंबणाऱ्या चवीला मिळाला. पुढे मराठीने आणखी एक पाऊल टाकले. चवीचे नावच पदार्थाला दिले व मिरचीच्या पुडीला नुसते 'तिखट' म्हटले जाऊ लागले. 'मिरची' हे नाव तर सरळ मिरीवरून आलेले आहे आणि कोकणीतील 'मिरसांग' या शब्दातही मिरीच डोकावते. परकी वस्तू जुन्या ओळखीच्या नावाने घरात आली, ही गोष्ट तिच्या स्वीकाराच्या दृष्टीने महत्त्वाची मानावी लागेल.

आगमन आणि प्रसार :

कोलंबस १४९२ साली मिरीच्या शोधात निघाला आणि मिरचीपाशी पोहोचला. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला व १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा जिंकून घेतले. त्यांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात मिरची पश्चिम किनाऱ्यावर उतरली, याविषयी अभ्यासकांत सर्वसाधारण एकमत आहे. तिच्या प्रसाराचा वेग मात्र सगळीकडे सारखा नव्हता. पुरंदरदासांच्या नावावर असलेल्या एका कानडी पदात मिरचीचे वर्णन येते, याकडे आहाराच्या इतिहासाचे अभ्यासक के. टी. अचया यांनी लक्ष वेधले आहे. उलट, सोळाव्या शतकाच्या अखेरीस सिद्ध झालेल्या 'आइन-ए-अकबरी'तील पाककृतींत मिरची नाही.

उत्तरेत मिरची नेली ती अठराव्या शतकातील मराठी फौजांनी, असे विधान वारंवार केले जाते. ते संभाव्य आहे. परंतु व्यापारी, यात्रेकरू, बाजारबुणगे यांच्या वाटांचा विचार न करता सारे श्रेय लष्कराला देणे धाडसाचे ठरेल. मिरची खाल्ल्यामुळे मावळे तिखट झाले, हे तर इतिहासाला तिखटमीठ लावणेच होय.

प्रसाराचे खरे कारण शेतात शोधावे लागते. मिरीचा वेल बहुवर्षायू आहे. त्याला मलबारसारखी दमट, पावसाळी हवा आणि आधाराला झाड लागते. शिवाय तो माल दूरच्या व्यापारातला, म्हणून महाग. मिरचीचे रोप एका हंगामात फळ देते, दख्खनच्या कोरड्या हवेत तगते, परसात चार रोपे लावली तरी घरापुरते भागते आणि फळ उन्हात वाळवले की वर्षभर टिकते. ज्वारी-बाजरीच्या कोरड्या भाकरीबरोबर कालवण नसले तरी ठेच्याच्या एका गोळीवर भाकरी पोटात जाते. श्रीमंतांच्या ताटातील तिखटपणा अशा रीतीने गरिबाच्या आवाक्यात आला.

धर्माचाराने काय केले ?

नव्या वस्तूला समाज कोठे प्रवेश देतो आणि कोठे अडवतो, हे पाहणे उद्बोधक असते. पुरीच्या जगन्नाथ मंदिरातील महाप्रसादात मिरची वर्ज्य आहे. तमिळ ब्राह्मणांच्या श्राद्धाच्या स्वयंपाकात आजही मिरचीऐवजी मिरी वापरतात. म्हणजे जेथे पूर्वजांना जेवू घालायचे, तेथे पूर्वजांनी न पाहिलेली वस्तू चालत नाही. महाराष्ट्रातील उपवासाचे ताट मात्र याच्या नेमके उलट आहे. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, रताळे आणि मिरची ही सर्व मूळची अमेरिकेतील पिके उपवासाला चालतात. हळद व मोहरी ही येथली जुनी द्रव्ये अनेक घरांत चालत नाहीत. नवी पिके जुन्या निषेधांच्या यादीतच नव्हती, हे त्याचे कारण असावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्यांबरोबर विस्तवावर पडणारी लाल मिरची हीदेखील अशीच उशिरा आलेली पाहुणी आहे.

जीभ कशी शिकते ?

मिरचीतील कॅप्सेसिन हे द्रव्य चवीच्या नव्हे, तर उष्णता व वेदना जाणणाऱ्या चेतातंतूंवर काम करते. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ साली त्याचा ग्राहक शोधून काढला. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वर हाच ग्राहक उष्णतेनेही जागा होतो, म्हणून तोंड 'भाजले' असे आपण म्हणतो ते शब्दशः खरे आहे. या संशोधनासाठी ज्युलियस यांना २०२१ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. मिरीतील पायपरीनही याच ग्राहकाला, परंतु सौम्यपणे, चेतवते. म्हणजे आपल्या जिभेची पूर्वतयारी मिरीने करून ठेवलेली होती.

मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन व डेबोरा शिलर यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेक्सिकोतील एका खेड्याचे निरीक्षण मांडले आहे. तेथे मुलांवर तिखटाची सक्ती नव्हती. मोठ्यांच्या पंक्तीत बसून, थोडे थोडे चाखत, ती पाच-सहा वर्षांची होईपर्यंत आपण होऊन मिरची मागू लागत. त्याच गावातील डुकरे व कुत्री रोज मिरचीयुक्त उष्टे खात. तरी त्यांच्यात तिखटाची आवड निर्माण झालेली नव्हती. केवळ सवयीने आवड लागत नाही. तिला माणसांची संगत लागते.

मराठी घरांत हे शिक्षण पुस्तकाविना चालत आले आहे. प्रथम मऊ भात, तूप आणि मेतकूट. मग फोडणीपूर्वी बाजूला काढलेले वरण. मग भाजीची फोड पाण्यात धुऊन. आणि एक दिवस मूल मोठ्यांच्या वाटीत स्वतःहून बोट बुडवते. हाशहुश करणाऱ्या मुलाला पाण्याऐवजी दूध, दही किंवा तूप देण्याची आज्यांची रीत शास्त्राला धरून आहे, कारण कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्धांशात विरघळते.

तिखट आणि पंक्ती :

तरीही सर्वांनी सारख्याच कारणाने तिखट खाल्ले, असे समजणे चुकीचे होईल. आमटीत गूळ घालणाऱ्या घरांनी अधिक तिखट खाणाऱ्यांना तामसी ठरवले. पण तो गूळ, ते तूप, ते ओले खोबरे सर्वांना परवडत होते काय, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली. छापील पाककृतींच्या पुस्तकांत या स्वयंपाकाला जागा मिळालेली नव्हती. ज्या घरात तेलाचा थेंब मोजून पडत असे, तेथे मिरची ही हौस नव्हती. तीच कालवण होती.

आज हॉटेलांच्या पाट्यांवर 'झणझणीत' हा शब्द जाहिरात म्हणून मिरवतो. कोल्हापूरबाहेरच्या उपाहारगृहांत लालभडक रश्श्यात बुडवलेल्या कोणत्याही भाजीला 'कोल्हापुरी' म्हणतात. प्रत्यक्ष कोल्हापुरात उन्हाळ्यात घरोघरी कांदा-लसूण चटणीची बेगमी होते, तेव्हा रंगासाठी ब्याडगी आणि झोंबण्यासाठी दुसरी एखादी जहाल मिरची यांचे प्रमाण प्रत्येक घरात वेगळे असते. ते बहुधा कोठे लिहिलेले नसते. सासू सुनेला ते ओंजळीच्या मापाने सांगते.