पदवी हाती आली, पुढे काय?

स्मरणिकेसाठी स्त्रीशिक्षणाच्या इतिहासावर चार शब्द लिहा, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मला आधी माझीच गोष्ट आठवली. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. मुले शाळा-कॉलेजात असताना मी तेथे नाव घातले आणि १९९५ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी, बी. ए. झाले. पेढे वाटून झाल्यावर अर्ज लिहावयास बसले. एका कचेरीतील कारकुनाने जन्मतारीख पाहूनच अर्ज परत केला. "बाई, वय निघून गेले," एवढेच तो म्हणाला. घरी येऊन मी पदवीचा कागद ट्रंकेत तळाशी ठेवून दिला.

पुढे जुनी पुस्तके चाळताना कळले, की या वाटेने आपल्या आधी पुष्कळ जणी गेल्या आहेत. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू झाले. तेथे प्रौढ स्त्रियांना अक्षरओळखीबरोबर शिक्षिकेचे आणि परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. म्हणजे विद्येबरोबर पोटाचाही विचार होता. हिंगण्याच्या आश्रमाचे काम करणाऱ्या पार्वतीबाई आठवले १९१८ साली, ऐन अठ्ठेचाळिशीत, अमेरिकेस गेल्या आणि घरकाम करीत इंग्रजी शिकल्या!

अण्णासाहेब कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले. शिक्षण मातृभाषेतून, पदवीचे नाव 'गृहीतागमा'. विठ्ठलदास ठाकरसी यांनी १९२० साली पंधरा लाखांची देणगी दिली. तरी कायद्याची मान्यता यावयास १९५१ साल उजाडले. तोवर पस्तीस वर्षे या भगिनी सरकारमान्य नसलेली पदवी घेऊन उभ्या होत्या. जेथे त्या पदवीची किंमत होती, त्या कन्याशाळांतून कित्येकींनी शिकविले. बंद दारापाशी त्या बसून राहिल्या नाहीत.

हे वाचून मी कागद पुन्हा बाहेर काढला. मला काय येते, याची यादी केली. मंडळाच्या भिशीचा आणि जमाखर्चाचा बारा वर्षांचा हिशेब मी पैन्‌पै ठेवला होता! त्या वह्या घेऊनच एका पतपेढीत गेले. अर्ध्या दिवसाचे काम मिळाले. पुढे पूर्ण वेळाचे झाले.

राज्य सरकारने २०१६ साली खुल्या वर्गाची वयोमर्यादा ३३ वरून ३८ केली. माझ्यासारखीला तीही अपुरीच पडली असती. म्हणून उशिरा शिकणाऱ्या भगिनींना माझे सांगणे एवढेच : जाहिरातीतील वयाची अट अभ्यासक्रम निवडण्यापूर्वी वाचा, पदवी मिळाल्यावर नव्हे. आणि घरात, मंडळात केलेले काम अर्जात लिहावयास लाजू नका.

मंगळवारी दुपारी मी मंडळातच असते. ज्यांना अर्ज लिहावयाचा असेल, त्यांनी आपले कागद घेऊन यावे. आपण मिळून लिहू.