नकाशाचे अ‍ॅप एफ-ड्रॉइडवर कसे येते?

आपण कुठे राहतो, रोज कोणत्या रस्त्याने जातो, कोणत्या दवाखान्यात थांबतो, हे सगळे मोबाइलमधील नकाशाच्या अ‍ॅपला कळू शकते. म्हणूनच असे अ‍ॅप आतून काय करते, हे बाहेरच्या माणसाला तपासता येणे महत्त्वाचे असते. एफ-ड्रॉइड हा अँड्रॉइडसाठीच्या मुक्तस्रोत अ‍ॅपचा संग्रह याच तत्त्वावर चालतो. तो २०१० मध्ये सुरू झाला. ऑसमअँड आणि ऑर्गॅनिक मॅप्स ही नकाशाची अ‍ॅप त्यात मिळतात.

प्ले स्टोअरपेक्षा वेगळे काय?

प्ले स्टोअरवर अ‍ॅप बनवणारा तयार फाइल चढवतो. ती कोणत्या कोडपासून बनली, हे वापरणाऱ्याला दिसत नाही. एफ-ड्रॉइड मात्र मूळ कोड घेऊन आपल्या सर्व्हरवर अ‍ॅप स्वतः तयार करते. त्यामुळे जाहीर केलेला कोड आणि फोनमध्ये आलेले अ‍ॅप यांचा थेट संबंध राहतो.

समावेशाची प्रक्रिया

१. परवाना : अ‍ॅपचा संपूर्ण कोड सर्वांसाठी उपलब्ध हवा आणि त्याला मान्यताप्राप्त मुक्त परवाना हवा.

२. मूळ लेखकाला कल्पना : अ‍ॅप दुसऱ्या कोणी सुचवले असेल, तर ते बनवणाऱ्याला कळवले जाते. त्याचा विरोध नसावा.

३. माहितीची फाइल : कोड कुठे आहे, परवाना कोणता, कोणती आवृत्ती कोणत्या क्रमाने तयार करायची, हे एका छोट्या मजकूर-फाइलमध्ये लिहून गिटलॅबवरील एफ-ड्रॉइडच्या भांडारात पाठवतात.

४. तपासणी : कोडमध्ये बंदिस्त लायब्ररी आहेत का, हे स्कॅनर शोधतो. स्वयंसेवकही फाइल पाहून दुरुस्त्या सुचवतात.

५. बिल्ड आणि सही : अ‍ॅप तयार होते, त्यावर डिजिटल सही होते आणि ते यादीत दिसू लागते.

नकाशाचे अ‍ॅप कुठे अडते?

बहुतेक अँड्रॉइड अ‍ॅप ठिकाण ओळखण्यासाठी गूगल प्ले सर्व्हिसेसचा आधार घेतात. जीपीएस, वायफाय आणि मोबाइल टॉवर यांची सांगड घालून ती सेवा ठिकाण पटकन सांगते, पण तिचा कोड बंद आहे. त्यामुळे एफ-ड्रॉइडसाठी तो भाग वगळून अँड्रॉइडची स्वतःची सोय वापरणारी वेगळी आवृत्ती बनवावी लागते. याचा परिणाम वापरताना जाणवू शकतो : घरात किंवा उंच इमारतींच्या मध्ये ठिकाण सापडायला थोडा जास्त वेळ लागतो.

दुसरा प्रश्न नकाशाच्या माहितीचा. ही अ‍ॅप २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅपची माहिती वापरतात. स्रोताचा उल्लेख करण्याच्या अटीवर ती कोणालाही वापरता येते. अ‍ॅप बंदिस्त ऑनलाइन सेवेवर अवलंबून असेल, तर एफ-ड्रॉइड त्याच्या पानावर तशी सूचना लावते. जाहिराती आणि पाळत यांसाठीही अशाच सूचना आहेत.

मॅप्स डॉट मीचे उदाहरण

मॅप्स डॉट मी हे अ‍ॅप २०१४ मध्ये रशियाच्या मेल डॉट रू समूहाने घेतले आणि २०१५ मध्ये त्याचा कोड खुला झाला. तरी मूळ अ‍ॅपमध्ये जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या लायब्ररी होत्या. त्या काढून टाकलेली आवृत्ती दुसऱ्या विकसकाने तयार केली आणि ती एफ-ड्रॉइडवर आली. २०२० मध्ये अ‍ॅप पुन्हा विकले गेले. कोड खुला असल्यामुळे मूळ संस्थापकांपैकी काहींना त्यावरूनच ऑर्गॅनिक मॅप्स उभे करता आले. २०२१ मध्ये ते एफ-ड्रॉइडवरही आले. म्हणजे मालक बदलला, तरी वापरणाऱ्यांची वाट बंद झाली नाही.

वापरण्यापूर्वी लक्षात ठेवा

एफ-ड्रॉइडमधील समावेश ही सुरक्षेची पूर्ण हमी नव्हे. प्रत्येक ओळ कोणीतरी वाचली आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. हवी तेव्हा ती वाचता येते, एवढाच होतो. नवी आवृत्तीही इथे काही दिवस उशिरा पोहोचू शकते. प्ले स्टोअर आणि एफ-ड्रॉइड यांच्या सह्या वेगळ्या असतील, तर एकावर दुसरी आवृत्ती चढत नाही. जुने अ‍ॅप काढावे लागते आणि त्यासोबत जतन केलेली ठिकाणेही जातात. ती आधी निर्यात करून ठेवावीत.

आपल्या गावाचे नाव नकाशात मराठीत दिसत नसेल, तर त्यासाठी अ‍ॅप बदलण्याची गरज नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर खाते उघडून ते नाव कोणालाही भरता येते. नकाशाची माहिती पुढच्या वेळी अद्ययावत झाली, की ते या अ‍ॅपपर्यंत पोहोचते.