न उबलेल्या अंड्याचा जमाखर्च

कोंबडी खुडूक झाली की तिला अंधाऱ्या कोपऱ्यात, टोपलीतल्या गवतावर रवणीस बसवावयाचे आणि एकविसाव्या दिवशी पिलांची चिवचिव कानी येईतो तिच्या वाटेस जावयाचे नाही, हा वऱ्हाड-नागपूरच्या खेड्यांतील शिरस्ता इतका जुना आहे, की त्याचा आरंभ कोणत्याही दप्तरात सापडावयाचा नाही. ऊब कोंबडीची आणि चोचीने अंडी फिरविण्याचे श्रमही तिचेच. दहा-बारांपैकी दोन-तीन अंडी तशीच राहिली, तर घरची म्हातारी ती कानाशी धरून हलवी, आत खळखळले की उकिरड्यावर टाकी, आणि तेवढी तूट नशिबाच्या खात्यावर मांडून मोकळी होई.

ही तूट करारात आली ती मिसर देशात. तेथील मातीच्या विटांच्या भट्ट्यांत गवत आणि शेण जाळून हजारो अंडी एकदम उबवीत, आणि उष्णतेचा अंदाज अंडे पापणीस लावून घेत. अठराव्या शतकातील युरोपीय लेखकांनी नोंदविल्याप्रमाणे, भट्टीवाल्याने सोपविलेल्या अंड्यांच्या दोन-तृतीयांश इतकी पिले परत द्यावयाची आणि वरची स्वतः ठेवावयाची, असा तेथे रिवाज होता. अर्थात एक-तृतीयांशाच्या नासाडीची तजवीज करारातच झालेली होती. फ्रान्सच्या रेओमूरने १७४९ साली या विद्येवर ग्रंथ लिहिला, तेव्हा पापणीच्या जागी तापमापक आला, आणि तापमापकाबरोबर अपयशाचे कारण विचारण्याची सवयही आली.

नागपुरास ही विद्या प्रामुख्याने सरकारी आश्रयाने रुजली. स्वातंत्र्योत्तर पंचवार्षिक योजनांच्या काळात व्हाइट लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड या विलायती जाती देशभर पसरल्या. १९५६ साली नागपूरचे राजधानीपद गेले, परंतु १९५८ साली येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले, आणि पुढे २००० साली महाराष्ट्राच्या पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाचे मुख्य ठाणेही येथेच आले. पुणे, कोल्हापूर यांप्रमाणे नागपुरातही शासनाचे अंडी उबवणी केंद्र चालू झाले.

यंत्राचे सूत्र सर्वत्र एकच आहे : पहिले १८ दिवस सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता, ५५ ते ६० टक्के आर्द्रता आणि वरचेवर अंडी फिरविणे. शेवटचे तीन दिवस फिरविणे बंद आणि आर्द्रता अधिक. परंतु पॅरिसमध्ये रेओमूरला ऊब निर्माण करावयाची होती, आणि ज्या नागपुरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला, तेथे ती आवरावी लागते. अंड्यातील गर्भ सुमारे २१ अंशांखाली निद्रिस्त राहतो. त्याहून बऱ्याच उष्ण खोलीत अंडी साठविली, तर तो अवेळी अर्धवट जागा होतो, क्षीण होतो आणि यंत्रात गेल्यावर पहिल्या काही दिवसांतच दगावतो. सातव्या दिवशी उजेडापुढे धरलेले असे अंडे पुष्कळदा निव्वळ स्वच्छ दिसते, आणि नोंदवहीत 'वांझ' म्हणून चढते. दंड मात्र बिचाऱ्या कोंबड्याला. अंडे फोडून बलकावरील ठिपका पाहिला, तर निवाडा बदलतो : वांझ अंड्यातील ठिपका लहान आणि घट्ट पांढरा असतो, फलित अंड्यातील मोठा आणि कडेने वलय असलेला असतो, गर्भ काही दिवस वाढून मेला असेल, तर उजेडातच तांबडे रक्तवलय दिसते.

दुसरा वैरी कोरडी हवा. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण १२ ते १३ टक्के घटावे; त्याहून अधिक घटले, तर हवेची पोकळी वाढते, आतील पापुद्रा चामड्यासारखा चिवट होतो, आणि पिलू कवच टोचूनही त्यास चिकटून राहते. अशा वेळी दयेपोटी घाईने कवच सोलणारा मनुष्य पुष्कळदा त्याचा प्राणच घेतो, कारण पापुद्र्यातील रक्तवाहिन्या अद्याप आटलेल्या नसतात. नासलेले अंडे मात्र दयेस पात्र नाही. ते यंत्रात फुटले, की त्यातील रोगजंतू शेजारच्या निरोगी अंड्यांवर पसरतात.

कित्येकदा तर दोष अंड्यात, उन्हात वा यंत्रातही नसतो. मार्च २०२४ मध्ये नागपूरच्या शासकीय उबवणी केंद्रात बर्ड फ्लू आढळला, तेव्हा साडेआठ हजारांच्या आसपास पक्ष्यांसह सोळा हजारांहून अधिक अंडी नष्ट करावी लागली; त्यांतली चांगली-वाईट निवडण्यास तेथे कोणालाच मुभा नव्हती. एरवी मात्र ती मुभा आपल्याकडे असते, आणि म्हातारीने नशिबाच्या खात्यावर मांडलेली रक्कम योग्य खात्यावर वळविणे एवढेच खरे काम उरते. म्हणून ज्याच्या घरी लहानसे यंत्र आहे, त्याने न उबलेले अंडे उकिरड्यावर टाकण्यापूर्वी एकदा फोडून पाहावे, आणि 'वांझ' हा शब्द त्यानंतरच वहीत लिहावा.