तोड आणि मूलोच्छेद

वृक्ष तोडणें म्हणजे वनाचा नाश करणें, असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु आपले जुने ग्रंथ व कोंकणची शेती यांचा एकत्र विचार केला असतां, तोड व मूलोच्छेद या दोन भिन्न क्रिया होत, असें आम्हांस दिसतें.

प्रथम कौटिलीय अर्थशास्त्राचें प्रमाण घेऊं. नगरोपवनांतील फळें, फुलें वा छाया देणाऱ्या वृक्षांविषयीं तेथें दंडाची चढती श्रेणी आहे. अंकुर तोडल्यास ६ पण, लहान फांदीस १२, जाड फांदीस २४. खोड छेदल्यास प्रथम साहसदंड आणि वृक्ष समूळ नष्ट केल्यास मध्यम साहसदंड. खोड छेदणारा व मूळ उपटणारा यांस शास्त्रकारानें एका मापानें मोजलें नाहीं. ज्याचें मूळ राहिलें त्यास पुन्हां धुमारे फुटण्याची आशा असते, हेंच याचें कारण असावें.

इ. स. १७१६ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनीं रचिलेल्या आज्ञापत्रांत आरमारासाठीं साग वगैरे लांकूड हुजूरच्या परवानगीनें तोडावें, असें आहे. आंबा-फणसास मात्र हात लावूं देऊं नये. कारण तीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत. येथेंही कसोटी पुनरुत्पत्तीच्या काळाचीच आहे.

ठाणें व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील शेतकरी ऐनासारख्या झाडांचा टाहाळ उतरून, शेण, टाहाळ व गवत यांचे थर रचून, वर माती पसरून, पावसापूर्वीं भातरोपांसाठीं राब भाजीत. झाड उभेंच राही व पुन्हां पालवे. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर या वहिवाटीवर निर्बंध आले. रयतेची ओरड वाढली आणि १८८५ मध्यें सरकारास चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. नवल हें कीं, पुढें खुद्द जंगलखात्यानेंही कांहीं थोर वृक्ष राखून बाकीचे खुंटापासून तोडावे व धुमाऱ्यांचें रान वाढवावें, ही पद्धत अवलंबिली.

यावरून सर्व तोड निर्दोष ठरते, असें आमचें म्हणणें नाहीं. धुमारे गुरांच्या तोंडीं पडले किंवा वाढ पुरी होण्यापूर्वींच कुऱ्हाड फिरून आली, तर खुंटही मरतो. दोष कुऱ्हाडीचा नव्हे, मोडलेल्या अवधीचा. तो अवधि गांवोगांव कोण ठरवी व कोण पाळवी, हें जुन्या दफ्तरांतून शोधणें अगत्याचें आहे. तें न शोधतां रयतेस वनाचा वैरी ठरविणें न्यायाचें नव्हे.