चांदोबा आणि विक्रोळी स्टेशन

सोसायटीचा इतिहास या स्मरणिकेत इतर जण लिहीत आहेतच. सेक्रेटरींना म्हटलं, मी चंद्राचा लिहितो; कारण त्यात आपल्या मुलुंडच्या शेजाऱ्यांचाही वाटा आहे.

चंद्र आपल्यापासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटर दूर. पृथ्वीभोवती एक फेरी घालायला त्याला सुमारे सव्वासत्तावीस दिवस लागतात आणि स्वतःभोवती फिरायलाही तेवढेच. म्हणून त्याची एकच बाजू आपल्याला दिसते. तिथे हवा नाही आणि वजन इथल्या एक षष्ठांश भरतं.

२१ जुलै १९६९ रोजी सकाळी, आपल्या घड्याळाप्रमाणे, नील आर्मस्ट्राँगने तिथे पाऊल ठेवलं. मी तेव्हा चौथीत होतो. मुंबईत टीव्ही यायला अजून तीन वर्षं होती, त्यामुळे सगळं रेडिओवर आणि पेपरात. मग २६ ऑक्टोबरला आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि कॉलिन्स जगप्रवासात चक्क मुंबईला आले. कोजागरी नुकतीच होऊन गेली होती. त्यांना बघायला लोकांनी तुफान गर्दी केली. पुढे अपोलोने आणलेल्या चांद्रमातीचे नमुने कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अभ्यासले गेले. १९७२ पर्यंत बारा माणसं चंद्रावर चालून आली, नंतर आजवर कोणी नाही. आपण मात्र तेव्हा प्रेक्षकच होतो.

आपली सोसायटी चार वर्षांची असताना, १५ ऑगस्ट २००३ ला, पंतप्रधान वाजपेयींनी चांद्रयानाची घोषणा केली. २००८ मध्ये चांद्रयान-१ गेलं आणि चंद्रावर पाण्याचा अंश असल्याचा पुरावा मिळाला. दक्षिण ध्रुवाजवळच्या काही खड्ड्यांच्या तळाशी ऊन कधीच पोहोचत नाही, तिथे बर्फ टिकून राहतो. उद्या माणसाला चंद्रावर राहायचं तर पाणी लागणारच, म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे.

७ सप्टेंबर २०१९, गणपतीचे दिवस. मध्यरात्र उलटून गेली तरी आपल्या मंडपात मंडळी जागी होती. शेवटच्या टप्प्यात चांद्रयान-२ च्या लँडरशी संपर्क तुटला आणि सगळे गप्प झाले. चार वर्षांनी, २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी, चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात अलगद उतरलं. त्या भागात उतरणारे आपण पहिले.

ते यान नेणाऱ्या रॉकेटची 'विकास' इंजिनं विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाली. बूस्टरचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरचे. विक्रोळी म्हणजे मुलुंडहून चौथं स्टेशन! रोज सकाळी डबा घेऊन तिथे उतरणाऱ्या कामगारांचं नाव कुठल्याही पेपरात आलं नाही. पण इंजिनातला एक जोड कच्चा राहिला असता, तर सगळ्या देशाला कळलं असतं.

येत्या कोजागरीला गच्चीवर मसाला दूध पिताना मुलांना एवढं जरूर सांगा. आमच्या लहानपणी चंद्रावर जाऊन आलेली माणसं बघायला गर्दी व्हायची. आता तिथे जायचं इंजिन चार स्टेशनांवर बनतं.