फाडुट्सचा एक मोसम: दोन रांगांत उभा राहिलेला संघ

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने फुटबॉलवर काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. साहजिक आहे. मी खेळाबद्दल थोडं आणि 'दुय्यम' या शब्दाबद्दल जास्त बोलणार आहे. त्यासाठी एका संघाचा एक मोसम घेतलाय: फाडुट्स हा संघ, आणि २०२२-२३ हा मोसम.

फाडुट्स ही लिश्टनस्टाइन या देशाची राजधानी. स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया यांच्यामध्ये बसलेला हा देश १६० चौरस किलोमीटरचा, म्हणजे बृहन्मुंबईच्या साधारण पाव भागाएवढा. लोकसंख्या चाळीस हजारांच्या थोडी वर. आपलं वानखेडे स्टेडियम भरलं, तर या देशातली सात-आठ हजार माणसंच बाहेर उरतील! एवढ्या देशात फुटबॉलचे क्लब आहेत सात. सात क्लबांची कसली लीग होणार? १९३०च्या दशकात काही वर्षं त्यांनी स्वतःची स्पर्धा चालवून पाहिली, ती टिकली नाही. तेव्हापासून हे सगळे क्लब स्वित्झर्लंडच्या लीगमध्ये, तिथल्या वेगवेगळ्या पायऱ्यांवर खेळतात.

आता हे फुटबॉलपुरतं आहे असं समजू नका. पहिल्या महायुद्धापर्यंत हा देश ऑस्ट्रियाच्या अंगणात होता. साम्राज्य कोसळलं, तसा त्याने शेजारी बदलला. १९१९ साली ऑस्ट्रियाशी असलेला जकात करार मोडला, १९२३ साली स्वित्झर्लंडशी नवा केला. चलन स्विस फ्रँक. परदेशातली वकिलात बहुतेक ठिकाणी स्विस. सैन्य तर १८६८ सालीच मोडीत काढलेलं. जे स्वतःला परवडत नाही ते शेजाऱ्याकडून घ्यायचं आणि राष्ट्र म्हणून उभं राहायचं, असा हा संसार आहे. लीगही त्याच हिशेबात शेजाऱ्याकडून घेतलेली. लाचारी म्हणायचं की शहाणपण, हे तुम्ही ठरवा. मी शहाणपण म्हणतो.

पण एक वस्तू त्यांनी स्वतःकडे ठेवली. लिश्टनस्टाइन करंडक. १९४६पासून देशातले क्लब आपापसात हा करंडक खेळतात, आणि त्याचा विजेता युरोपच्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत देशाचा प्रतिनिधी म्हणून जातो. स्वित्झर्लंडच्या लीगमधून त्यांना युरोपात जाता येत नाही, अगदी पहिल्या श्रेणीत वर आले तरी. म्हणजे बघा, वर्षभराची मेहनत एका दाराशी आणि युरोपचं दार भलतीकडेच. करंडक बहुतेक वेळा फाडुट्सच जिंकतो, चाळीसहून अधिक वेळा जिंकलाय. बाकीच्या सहा क्लबांसाठी हा करंडक म्हणजे काय असेल, हा प्रश्न मला छळतो. राष्ट्राचं दार उघडं राहावं म्हणून त्यांनी दरवर्षी खेळायचं आणि बहुधा हरायचं. त्यांचा इतिहास कोण लिहितं?

फाडुट्स स्विस फुटबॉलच्या पहिल्या श्रेणीत तीन वेळा चढला: २००८, २०१४ आणि २०२०. पहिल्या आणि तिसऱ्या खेपेला वर्षभरात खाली आला, मधल्या खेपेला तीन वर्षं टिकला. २०२० साली त्याने थुन या स्विस क्लबला दोन सामन्यांत मिळून ५-४ असं हरवून जागा मिळवली आणि थुन खाली गेला. थुनच्या एखाद्या प्रेक्षकाने विचारलं असतं, 'आमच्या लीगमध्ये परक्या देशाचा क्लब येतो आणि आम्हालाच खाली ढकलतो, हा कुठला न्याय?' तर उत्तर सोपं नाही. पाहुणा आणि सभासद यांच्या मधली ही जागा आहे. माझं मत विचाराल तर, ज्याला तुम्ही शंभर वर्षं जकातीच्या आत घेतलंत, त्याला मैदानात परका म्हणता येत नाही.

तर २०२२चा उन्हाळा. फाडुट्स पुन्हा दुसऱ्या श्रेणीत. तिचं नाव चॅलेंज लीग. दहा संघ, प्रत्येकाशी चार वेळा गाठ, एकूण ३६ सामने. करंडक जिंकल्यामुळे युरोपा कॉन्फरन्स लीगच्या पात्रता फेरीत प्रवेश मिळालेला. तिथे आधी स्लोव्हेनियाचा कोपर हरला, मग तुर्कस्तानचा कोन्यास्पोर. मग समोर आला रॅपिड व्हिएन्ना, ३२ वेळा ऑस्ट्रियाचा विजेता. ज्या साम्राज्याच्या अंगणातून हा देश बाहेर पडला होता, त्याच्याच जुन्या राजधानीचा क्लब. पहिला सामना फाडुट्समध्ये, १-१. दुसरा २५ ऑगस्टला व्हिएन्नामध्ये, आणि तो फाडुट्सने १-० असा जिंकला! लिश्टनस्टाइनचा क्लब युरोपीय स्पर्धेच्या गटफेरीत पोचण्याची ही पहिलीच वेळ. १९९६ साली हाच क्लब पॅरिस सां-जर्मांकडून दोन सामन्यांत मिळून ०-७ असा हरला होता. पॅरिसचा संघ तेव्हा त्या स्पर्धेचा गतविजेता होता.

आणि इथूनच माझा विषय सुरू होतो. त्या शरद ऋतूत गुरुवारी हा संघ नेदरलँड्सच्या एझेड अल्कमारसमोर देश म्हणून उभा राहायचा, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत स्वित्झर्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतला एक क्लब म्हणून. तीच माणसं, तेच बूट. आता सांगा, हा संघ दुय्यम आहे का? आपल्या वैशेषिकांनी परत्व आणि अपरत्व, म्हणजे लांब असणं आणि जवळ असणं, हे गुणांच्या यादीत घातलेत. पण त्यांनीच पुढे म्हटलंय की ते अपेक्षाबुद्धीतून उपजतात. कशाच्या तुलनेत, हे कुणीतरी मनात धरल्याशिवाय लांब-जवळ होत नाही. 'दुय्यम'चंही तसंच. रांग कुणाची, हे आधी विचारायचं.

त्या गटात युक्रेनचा द्निप्रो-१ होता. युद्धामुळे त्याला स्वतःच्या गावात खेळता येत नव्हतं, त्याचे 'घरचे' सामने स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहरात व्हायचे. म्हणजे एकाच गटात एक क्लब करारामुळे परक्या देशात खेळणारा आणि दुसरा तोफांमुळे. फाडुट्सचं मैदान मात्र घरचंच, ऱ्हाइन नदीच्या काठावर. पलीकडचा काठ स्वित्झर्लंडचा. साडेसात हजारांच्या आसपास जागा असलेलं.

फाडुट्सच्या संघात खेळाडू बहुतेक स्विस, ऑस्ट्रियन, जर्मन. लिश्टनस्टाइनचे मोजके. मग देशाचं प्रतिनिधित्व नक्की कोण करत होतं? चटकन हसून सोडून देण्याजोगा हा प्रश्न नाही. ज्या देशात जन्मलेल्या पोराला आपल्याच राजधानीच्या क्लबात जागा मिळणं कठीण, तिथे 'आपण युरोपात पोचलो' यातला 'आपण' कोण? तरीही लोकांनी तो विजय आपला मानला. नाणं दुसऱ्याचं असलं तरी बाजार आपला असतो, हे त्यांना फार पूर्वीपासून माहीत आहे.

गटात फाडुट्स एकही सामना जिंकला नाही, शेवटचा आला. लीगमध्येही घसरण झाली, मोसमाच्या मध्यावर प्रशिक्षक बदलावा लागला, आणि दहांच्या यादीत तो खालच्या अर्ध्यात राहिला. दोन रांगांत उभं राहायचं तर पाय दुखणारच. गुरुवारचा प्रवास रविवारी अंगावर येतो. गटातला अल्कमार पुढे उपांत्य फेरीपर्यंत गेला.

२०२३चा करंडकही फाडुट्सनेच जिंकला. त्यामुळे उन्हाळ्यात पुन्हा युरोपची पात्रता फेरी आली आणि चॅलेंज लीगचं नवं वेळापत्रकही.