मराठीचा फोटो: ई-मेलमधल्या चित्रांची जुनी गोष्ट

या भागाचं हे लेखी रूप. बोलताना मी जिथे जिथे भरकटले होते, ते इथे कापलंय.

मी पिंपळे सौदागरला राहते आणि कामाचा एक भाग म्हणून ई-मेलची टेम्प्लेट्स बनवते. चित्र लहान करा, योग्य फॉरमॅट निवडा, मग जोडा. हे सगळं आलं कुठून?

मुळात ई-मेल चित्रांसाठी नव्हतीच. १९८२ च्या एसएमटीपी नियमांत फक्त ७ बिटांची अक्षरं जायची, म्हणजे इंग्रजी कीबोर्डवरची. चित्र सोडाच, साधा 'अ'सुद्धा जायचा नाही. १९९२ मध्ये नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी 'माइम' ही पद्धत आणली. त्याच वर्षी ११ मार्चला बोरेनस्टीननी जे पहिलं जोडपत्र पाठवलं, त्यात त्यांच्या गाणाऱ्या चौकडीचा फोटो आणि आवाज होता. युक्ती अशी की चित्राचे दर ३ बाइट मोडून त्यांची ४ साधी अक्षरं करायची. म्हणून जोडलेलं चित्र एक तृतीयांशाने फुगतं. आजही ३ एमबीचा फोटो साधारण ४ एमबी होऊनच निघतो.

आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वांसाठी इंटरनेट सुरू केलं. ९,६०० बिट्सच्या जोडणीवर हिशेब करून बघा: ६० केबीचं चित्र फुगून ८० केबी, म्हणजे मिनिटाहून जास्त. ८०० केबीचं स्कॅन? पंधरा मिनिटं, आणि तीही लाइन मध्येच तुटली नाही तर!

आता खरी गंमत. मराठी पत्र पाठवायचं तर चित्रच करावं लागायचं. पुण्यात सी-डॅक होतं, मॉड्युलर इन्फोटेकची श्री-लिपी होती, छपाई झकास व्हायची. पण प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी वेगळी. तोच फॉन्ट समोरच्याकडे नसला की 'प्रिय आई'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. मग लोक एकतर रोमन लिपीत मराठी लिहायचे, नाहीतर मजकुराचं चित्र काढून जोडायचे.

आणि इथे फॉरमॅट महत्त्वाचा ठरतो. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन करतं आणि बारीक बदल गाळतं. चेहऱ्याच्या फोटोला ते चालतं. देवनागरीला नाही. जास्त दाबलं की शिरोरेषेभोवती धूर पसरल्यासारखं दिसतं, अनुस्वार विरघळतो. 'मंद' आणि 'मद' यांत फरक एका टिंबाचा आहे हो! काळ्या-पांढऱ्या मजकुरासाठी जिफ कितीतरी बरं: दोनच रंग ठेवायचे, कडेची मोकळी जागा कापायची, अक्षरं स्वच्छ आणि फाइलही लहान. पुढे पीएनजी आलं, तेही याच कामाचं.

१९९१ च्या पहिल्या युनिकोडमध्ये देवनागरी होतीच, पण साध्या पीसीवर ती नीट दिसायला विंडोज २००० यावं लागलं. जागेचंही तसंच. १९९६ ला आलेल्या हॉटमेलवर २ एमबी मिळायचे, २००४ च्या जीमेलवर १ जीबी. म्हणजे अडचण संपली. सवय मात्र राहिली.

आमच्या सोसायटीची पाणीकपातीची नोटीस अजून ई-मेलमध्ये कागदाचा फोटो म्हणून येते. मेलबॉक्समध्ये 'पाणी' शोधलं तर ती सापडत नाही. ज्यांना दिसत नाही, त्यांचा स्क्रीन रीडर फक्त 'इमेज' म्हणतो. चित्रं बंद ठेवणाऱ्यांना रिकामा चौकोन दिसतो. माझ्या मते हे १९९५ पेक्षा वाईट आहे, कारण तेव्हा इलाज नव्हता. (चित्रामागे मजकूर लिहायची 'ऑल्ट'ची सोय तर १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्येच होती.)

मी काय करते? मजकूर टाइप करते. फोटो जेपेगमध्ये, लोगो पीएनजीमध्ये, रुंदी साधारण ६०० पिक्सेल, आणि ऑल्ट मराठीत.

तुमच्या घरी १९९० च्या दशकात आलेलं एखादं मराठी पत्राचं चित्र जुन्या सीडीवर पडलं असेल, तर मूळ फाइल पाठवा. स्क्रीनशॉट नको, व्हॉट्सॲपवरून तर नकोच. ते पुन्हा दाबून टाकतं.